आठवी ते अकरावीसाठी इंजिनिअरिंगचे दहा रविवार : इंदूरमध्ये वर्ग कसा चालवायचा

शाळकरी मुलांसाठी 'इंजिनिअरिंग कोर्स' म्हणून जे विकलं जातं, त्यात बहुतेकदा एक खोका असतो. चार चाकं, दोन मोटारी, एक तयार बोर्ड. मूल तासाभरात गाडी जोडतं, ती भिंतीला धडकेपर्यंत धावते आणि खोका माळ्यावर जातो. या सगळ्यात मुलाला कुठेही एक आकडा काढावा लागत नाही, आणि आमच्या मते खोट तिथेच आहे.

इथे दिलेल्या वर्गाचा नियम असा : आधी आकडा सांगायचा, तो वहीत पेनाने लिहायचा, मग वस्तू बनवायची, मग ती मोडेपर्यंत वापरायची, आणि आकडा का चुकला ते शोधायचं. पेन्सिल चालणार नाही, कारण पेन्सिलीतला अंदाज प्रयोगानंतर हळूच बदलला जातो.

मुलं, जागा, वेळ

बारा मुलं पुरेत. तिघांचा एक गट, असे चार गट. चौघांचा गट केला की एक जण नुसता बघत बसतो. शिकवायला दोन माणसं हवीत, त्यातलं एक कायम हत्यारांपाशी. आठवी ते अकरावी एकत्र बसवायला हरकत नाही, पण प्रत्येक गटात किमान एक दहावी-अकरावीचं मूल असू द्या. कार्य आणि ऊर्जा नववीत येतं, ओहमचा नियम दहावीत, त्यामुळे आठवीच्या मुलाला दोन्ही गोष्टी इथेच पहिल्यांदा भेटतात. त्यासाठी वीस मिनिटं जास्तीची धरा.

जागा म्हणून मंडळाचं सभागृह, सोसायटीची गच्चीवरची खोली, काहीही चालतं. सारख्या उंचीची दोन भक्कम टेबलं आणि पाण्याचा नळ मात्र हवाच. रविवारी सकाळी नऊला, पोहे आटोपून, अडीच तास. जूनच्या शेवटच्या रविवारी सुरू केलं की ऑगस्टअखेर संपतं. गणपती बसले की निम्मी मुलं आरत्या आणि देखाव्यांत असतात, आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या (रात्रभर चालणाऱ्या चित्ररथांच्या मिरवणुकीच्या) दुसऱ्या दिवशी रविवार आला तर वर्गात कोणी येणार नाही, हे धरून चाला. दिवाळीनंतरही करता येतं, पण मग सहामाही आणि प्री-बोर्ड आडवे येतात.

खरेदी

लोखंडी-लाकडी सामान सियागंजात, इलेक्ट्रॉनिक्स महाराणी रोडवर. चार गटांसाठी एवढं लागतं :

आइस्क्रीमच्या काड्या ५०० (११४ मि.मी. लांब, १० रुंद, २ जाड), फेविकॉल एक किलो, कपडे वाळवायचे चिमटे १००, सुतळी, १२० नंबरचा पॉलिशपेपर, मोठे कागद, ३० से.मी.च्या पोलादी पट्ट्या ४, सी-क्लॅम्प ४, २० लिटरची बादली, एक लिटरचं मापाचं भांडं, १० किलोपर्यंतचा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि माणसांचं वजन करायचा एक काटा. सुरक्षेचे चष्मे सगळ्यांना, शिकवणाऱ्यांनाही.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये प्रत्येक गटाला एक साधा मल्टिमीटर, एक छोटा ब्रेडबोर्ड (भोकांची पाटी, जीत डाग न देता सर्किट जोडता येतं), ९ व्होल्टची बॅटरी आणि तिची क्लिप, बीसी ५४७ ट्रान्झिस्टर ५, लाल एलईडी ५, ४७० ओहम, १ किलोओहम आणि १० किलोओहमचे रेझिस्टर प्रत्येकी ५, एक बझर, एक पुशबटण, स्टेनलेस स्टीलचे दोन बोल्ट. वायर 'सिंगल स्ट्रँड' मागा. अनेक बारीक तारांची वायर ब्रेडबोर्डच्या भोकात जात नाही, गेली तरी आत वळते, आणि मग सर्किट का चालत नाही हे शोधण्यात तास जातो. काड्या घेताना मूठभर काढून टेबलावर ठेवून बघा. दहातल्या दोनाहून जास्त वाकलेल्या निघाल्या तर ते पुडकं घेऊ नका.

२३० व्होल्टचं काहीही या वर्गात उघडायचं नाही. याला अपवाद नाही, अकरावीच्या मुलासाठीही नाही.

पहिले दोन रविवार : मोजणं

पहिल्या दिवशी एकच वस्तू बाराही जणांना मोजायला द्या. एका काडीची जाडी पट्टीने मोजली तर कोणी २ मि.मी. म्हणेल, कोणी दीड. मग वीस काड्या एकावर एक दाबून मोजा आणि वीसने भागा, आता १.९ किंवा २.० येईल. चूक वीस काड्यांत वाटली गेली की लहान होते, एवढं कळलं तरी सकाळ वसूल.

दुसऱ्या रविवारी पोलादी पट्टी. टेबलाच्या कडेला क्लॅम्पने घट्ट आवळा, १२ से.मी. बाहेर ठेवा, टोकाला २०० ग्रॅम लटकवा आणि टोक किती खाली आलं ते मोजा. एक मि.मी. जाडीच्या पट्टीवर ते साधारण ३ मि.मी. भरतं. आता २४ से.मी. बाहेर काढलं तर किती? मुलं 'दुप्पट' लिहितात, एखादा 'चौपट'. प्रत्यक्षात पट्टी २० मि.मी.च्या वर झुकते, कारण वाकणं लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. आठपट आली नाही तर बहुतेक वेळा दोष क्लॅम्पचा असतो : तो कडेपासून दोन बोटं आत लावला की पट्टी कडेच्या आतूनच उचलली जाते आणि खरी लांबी वाढते. क्लॅम्प अगदी कडेवर आणा आणि परत मोजा.

तिसरा ते पाचवा रविवार : काड्यांचा पूल

वर्गाचा सगळ्यात मोठा भाग हाच, आणि तो पुलापासून सुरू होत नाही. तो एका काडीपासून सुरू होतो.

काडी डिजिटल काट्यावर उभी धरा आणि वरून तळव्याने सावकाश दाबा. तळव्याखाली लाकडाचा छोटा तुकडा घ्या, चष्मा डोळ्यांवर. साधारण पाच किलोच्या आसपास काडी मधेच धनुष्यासारखी फुगते. ती तुटलेली नसते. हात काढला की सरळ होते. दाबाखालच्या सडपातळ भागाचं हे बाहेर फुगणं म्हणजे बकलिंग, आणि काड्यांचे पूल बहुतेक यानेच जातात. हिशेबही जवळपास तेवढाच येतो : लाकडाची ताठरता १० गिगापास्कल धरली तर ऑयलरच्या सूत्राने (सडपातळ काडी किती दाबाला फुगेल ते सांगणारं सूत्र) ११४ मि.मी.च्या काडीला ५.२ किलो. खऱ्या काडीत ४ ते ६ येईल, आधीच वाकलेली असेल तर आणखी कमी.

आता तीन अंदाज लिहून घ्या. काडी निम्मी कापली तर? दोन काड्या रबरबँडने बांधल्या तर? दोन काड्या फेविकॉलने पूर्ण चिकटवून आठवडाभर वाळवल्या तर? निम्म्या काडीला चौपट, म्हणजे २० किलो लागतात. इथे माणसांचा काटा घ्या. रबरबँडवाली जोडी जेमतेम दुप्पट घेते, कारण दोन्ही काड्या एकमेकींवर घसरत स्वतंत्रपणे वाकतात. चिकटवलेली जोडी हाताने वाकतच नाही. जाडी दुप्पट झाली की ताकद आठपट होते, आणि हे फक्त गोंदाने घसरणं थांबवल्यामुळे. तिच्यावर जोर लावून बघायचा मोह मुलांना होतोच. १५ किलोवर थांबवा, नाहीतर काडी सटकून तळव्यात घुसते.

पुलाचा आराखडा सगळ्या गटांना एकच द्या : ४० से.मी.चा वॉरेन ट्रस, म्हणजे समभुज त्रिकोणांची रांग, प्रत्येक बाजू १० से.मी. एका बाजूच्या चौकटीत खाली ४ भाग, वर ३, तिरपे ८. वरचे तिन्ही, दोन्ही टोकांचे तिरपे आणि मधल्या तिरप्यांतले दाब घेणारे दोन, हे दुहेरी काडीचे करायचे. तिरप्यांत दाब कुठे आणि ताण कुठे हे मुलांनीच ओळखायचं. युक्ती सोपी आहे : त्या काडीच्या जागी दोरी बांधली तर पूल उभा राहील का? राहिला तर तिथे ताण, कोसळला तर दाब. दोन चौकटी, त्यांना जोडणाऱ्या आडव्या काड्या आणि वरची फुल्यांची बांधणी धरून एका पुलाला ६० च्या आसपास काड्या लागतात. वजन गोंदासकट १०० ग्रॅमच्या जवळ.

बांधायच्या आधी पुन्हा आकडा. भार मधोमध टांगला तर प्रत्येक चौकटीच्या वरच्या मधल्या काडीवर एकूण भाराच्या ०.५८ पट दाब येतो. २० किलो टांगले की ११.६ किलो. एकेरी काडी १० से.मी. लांबीला पावणेसात किलोच्या आसपास फुगते, म्हणजे वरची बाजू एकेरी ठेवलेला पूल साधारण १२ किलोवर जाणार. एका गटाला मुद्दाम एकेरी बांधू द्या आणि हा आकडा फळ्यावर लिहून ठेवा. दुहेरीत बकलिंग लांबच राहतं, तिथे आधी सांधे सुटतात.

पूर्ण आकाराचं चित्र कागदावर काढा, त्यावर पारदर्शक प्लास्टिक पसरा आणि दोन्ही चौकटी त्याच चित्रावर बनवा. वेगवेगळ्या चित्रांवर केल्या तर दोन-तीन मि.मी.चा फरक पडतो, पूल टेबलावर तीनच पायांवर टेकतो आणि भार एका चौकटीवर जातो. सांध्यापाशी काडी पॉलिशपेपरने घासा, गोंदाचा पातळ थर द्या, चिमटा लावा. जास्त गोंद म्हणजे जास्त ताकद नव्हे. जाड थर आतून ओलाच राहतो, आणि पावसाळ्यात तर चिमटे पूर्ण दिवसभर काढू नयेत. चौकटी तिसऱ्या रविवारी, जोडणी चौथ्या, चाचणी पाचव्या. मधला आठवडा गोंदासाठीच ठेवलेला आहे, एका दिवसात सगळं उरकायला जाऊ नका.

चाचणीला टेबलांमध्ये ३६ से.मी. अंतर ठेवा, म्हणजे दोन्हीकडे दोन-दोन से.मी. टेकू मिळतो. सुतळी खालच्या मधल्या सांध्यांवरून घ्या. काडीच्या मधोमध टांगली तर ती काडी आडवी वाकून मोडते आणि पुलाबद्दल काहीच कळत नाही. बादली जमिनीपासून पाच से.मी.वर, खाली गोणपाट. एकेक लिटर पाणी ओता, प्रत्येक लिटरनंतर अर्धा मिनिट थांबा. बादलीचं स्वतःचं वजन आधी मोजलेलं असू द्या, ते हमखास विसरतं. बादली भरूनही पूल उभा राहिला तर पाणी काढून वाळू भरा, तेवढ्याच बादलीत दीडपट वजन मावतं, पण मग वाळू काट्यावर मोजूनच टाकायची.

समोर एक फोन स्लो मोशनवर लावून ठेवा. डोळ्याला पूल 'एकदम' गेला असं दिसतं. चित्रणात दिसतं की आधी वरची बाजू एकीकडे कलली, मग एक सांधा सुटला, मग बाकीचं. वर फुल्या न मारलेले पूल असेच बाजूला कलून जातात, काड्या कितीही दुहेरी असल्या तरी. मोडलेला पूल फेकू नका. कोणता सांधा पहिला गेला त्यावर लाल खूण करा, आणि तिथे लाकूड फाटलं की गोंद सुटला ते वहीत लिहा. लाकडाचे तंतू गोंदाला चिकटून आले असतील तर गोंद चांगला लागला होता. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर घासलंच नव्हतं किंवा चिमटा लवकर काढला.

सहावा ते आठवा रविवार : गच्चीवरची टाकी

इंदुरात नर्मदेचा नळ बहुतेक भागांत एक दिवसाआड येतो. त्यामुळे टाकी भरणं, मोटार बंद करायला विसरणं आणि गच्चीवरून पाणी वाहणं हे मुलांना कोणी शिकवावं लागत नाही. प्रश्न घरचा असला की आकडे आपोआप गंभीर होतात.

सहाव्या रविवारी नुसतं मोजणं. दोरीने टाकीचा घेर मोजा, ३.१४ ने भागा. व्यास १.०८ मीटर आला तर पाण्याचा प्रत्येक सेंटिमीटर ९.२ लिटरचा. मग मोटार लावून १५ लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते बघा, म्हणजे गच्चीच्या नळीवर, खालच्या नळावर नाही. ३० सेकंद लागले तर सेकंदाला अर्धा लिटर, १००० लिटरला ३३ मिनिटं. उंची १० मीटर असेल तर पाणी उचलायला खरं लागतं ते ४९ वॅट. मोटारीवर लिहिलेलं असतं अर्धा एचपी, म्हणजे ३७३ वॅट. बाकीचं कुठे गेलं? पाइपातलं घर्षण, कोपरे, पंपातली गळती, उष्णता. मुलांना पाइपाचे कोपरे मोजायला लावा, जुन्या घरांत ते आश्चर्य वाटण्याइतके असतात.

इथेच एक मोठा हिशेब करून घ्या. इंदूरचं नर्मदेचं पाणी १९७८ पासून मंडलेश्वरजवळच्या जलूदहून येतं, सुमारे ७० किलोमीटरवरून. शहर समुद्रसपाटीपासून ५५० मीटरच्या आसपास, नदी तिथे साधारण १५० वर. वाटेतला विंध्याचा चढ आणि सगळं घर्षण सोडून दिलं, फक्त ४०० मीटरचा फरक धरला, तरी १००० लिटरमागे किमान १.१ युनिट वीज लागते. गच्चीवरून वाहून गेलेल्या पाण्याची किंमत यानंतर कोणाला समजवावी लागत नाही.

सातव्या रविवारी सर्किट. टाकीच्या वरच्या पातळीवर दोन बोल्ट. एक बोल्ट बॅटरीच्या धन टोकाला, दुसरा १ किलोओहममधून ट्रान्झिस्टरच्या बेसला (ट्रान्झिस्टरला तीन पाय असतात : कलेक्टर, बेस, एमिटर). एमिटर ऋण टोकाला. धन टोकापासून ४७० ओहम आणि एलईडीतून कलेक्टरला. बझर लावायचा तर एलईडीच्या फांदीला समांतर, धन टोक ते कलेक्टर. पाणी दोन्ही बोल्टना टेकलं की बेसमध्ये किंचित विद्युतप्रवाह शिरतो आणि कलेक्टरमधून त्याच्या शंभर-दोनशे पट वाहू शकतो. एलईडीचा प्रवाह आधी काढून घ्या : बॅटरीचे ९ व्होल्ट वजा एलईडीवरचे २ वजा ट्रान्झिस्टरवरचे ०.२, भागिले ४७०, म्हणजे साधारण १४ मिलिअँपिअर. बीसी ५४७ ची मर्यादा १०० आहे, त्यामुळे हा भाग निर्धास्त.

बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. कलेक्टर-एमिटर उलटे लागले तर सर्किट बंद पडत नाही, एलईडी मंद लागतो, आणि म्हणूनच ही चूक लवकर सापडत नाही. एलईडी मंद दिसला की सगळ्यात आधी पाय तपासा. रेझिस्टरशिवाय एलईडी लावला तर तो एकदा झगझगीत लागतो आणि संपतो. मल्टिमीटर अँपिअरवर ठेवून बॅटरीच्या दोन टोकांना लावला तर त्याचा फ्यूज जातो. प्रत्येक तुकडीत हे एकदा होतंच, दोन फ्यूज जास्तीचे ठेवा.

पाण्याचा रोध मल्टिमीटरने थेट मोजायला गेलात तर आकडा सरकत राहतो, कारण बोल्टांच्या पृष्ठभागावर रासायनिक क्रिया चालू असते. त्याऐवजी १० किलोओहम पाण्याशी एकसर जोडा, ९ व्होल्ट द्या आणि रेझिस्टरवरचा व्होल्टेज वाचा. तिथे ३ व्होल्ट आले तर पाण्यावर ६, म्हणजे पाण्याचा रोध त्याच्या दुप्पट, २० किलोओहम. नळाचं, बोअरिंगचं आणि आरओचं, अशी तीन भांडी ठेवा आणि क्रम आधी लिहून घ्या. बोअरिंगच्या जड पाण्यात क्षार जास्त, म्हणून रोध कमी. आरओच्या पाण्यात तो कितीतरी वाढतो आणि एलईडी मिणमिणतो.

बोल्टांऐवजी तांब्याच्या तारा एका ग्लासात तासभर लावून ठेवा. धन तार काळपट पडते, ऋण तारेवर बुडबुडे येतात. सर्किट टेबलावर पास झालं, पण पिण्याच्या पाण्याच्या टाकीत ते नापास आहे. स्टेनलेस स्टीलवर हे सावकाश होतं, थांबत नाही. उपाय असा की बॅटरी पुशबटणातून द्यायची, म्हणजे बघायच्या वेळीच विद्युतप्रवाह वाहील. पण मग विसरभोळ्या घरात त्याचा उपयोग काय? ही ओढाताण मुलांनाच सोडवू द्या, आठवा रविवार त्यासाठी आहे.

त्या दिवशी प्रत्येक गटाने बोल्टवालं सर्किट आणि बाजारातला फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगत पातळीप्रमाणे चालू-बंद होणारं बटण) यांतला एक निवडायचा आणि चार प्रश्नांची लेखी उत्तरं द्यायची. खर्च किती? किती दिवस टिकेल? बिघडलं तर गच्चीवर चढून दुरुस्त कोण करेल? आणि बिघडलं हे कळणार कसं? शेवटचा सगळ्यात कठीण, कारण बझर वाजत नाही याचे दोन अर्थ होतात : टाकी भरली नाही, किंवा बॅटरी संपली. एखादा गट तपासणीचं वेगळं बटण सुचवतो. नाही सुचवलं तर तुम्ही सांगू नका, चार्ज उतरलेली बॅटरी लावून द्या आणि टाकी भरू द्या.

नववा आणि दहावा

स्वतःचा प्रश्न. सोसायटीच्या पायऱ्यांवर व्हीलचेअरसाठी उतार, सायकल स्टँड, कूलरच्या पाण्याची गळती, असं काहीही. यंत्रमानव नको. उताराचा प्रश्न उत्तम : १ ला १२ या प्रमाणात ४५ से.मी. उंचीला ५.४ मीटर लांबी लागते, आणि अंगणात तेवढी जागा नाही हे टेपने मोजल्यावरच कळतं. मग वळण, मधला सपाट टप्पा, कठडा. शेवटी मोठ्या कागदावर १:१० प्रमाणात चित्र, सामानाची यादी, खर्च, आणि पाच मिनिटांत समजावणं. मोजमाप नसलेलं चित्र परत करा.

पालक विचारतात ते

हा वर्ग जेईईत एकही गुण वाढवत नाही, हे पहिल्याच बैठकीत सांगा. पुढचे रस्ते थोडक्यात : दहावीनंतर तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा करून थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षात जाता येतं. किंवा अकरावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित घेऊन जेईई मेन, आणि त्यावर राज्याचं काउन्सेलिंग. १९५२ पासून चालू असलेलं आपलं इंदूरचं एसजीएसआयटीएस आणि ग्वाल्हेरचं एमआयटीएस ही इंजिनिअरिंग कॉलेजं याच वाटेने. २००९ मध्ये सुरू झालेल्या आयआयटी इंदूरसाठी मेननंतर जेईई ॲडव्हान्स्ड. ज्या मुलाचा हात चौकटीवर बसतो पण सूत्रांवर अडतो, त्याच्यासाठी डिप्लोमा ही दुय्यम वाट समजू नका.

शाळेत अटल टिंकरिंग लॅब (केंद्र सरकारच्या योजनेतली, मुलांनी वस्तू बनवायची प्रयोगशाळा) असेल तर सहावी ते बारावीच्या मुलांना तिथली हत्यारं वापरता येतात. शिक्षकांना भेटायला जाताना मुलाने वही आणि मोडलेला पूल सोबत न्यावा, आणि 'लॅब बघायची आहे' असं न म्हणता कोणत्या सांध्याचा कोणता भाग बनवायचा आहे ते मापासकट सांगावं.